सिस्टरची बदली होते, काम मागे राहतं



सप्टेंबरचा अंक म्हणजे शिक्षक दिनाचा अंक. सावित्रीबाई आणि फातिमा शेख यांच्याबद्दल आपण दरवर्षी लिहितो, बोलतो, जानेवारीत पुन्हा लिहू. या वेळी मी दुसऱ्याच बायांबद्दल लिहिणार आहे. पण त्याआधी माझी एक चूक सांगते, म्हणजे हा विषय मी का घेतला ते कळेल.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मला पहिल्यांदा सेनगाव तालुक्यातली गावं मिळाली. तिथं बारा जणींचा एक गट होता. बचत नियमित, बैठक दर बुधवारी संध्याकाळी मारुतीच्या पारामागं. एका ताईची बारावी झालेली मुलगी गटाचं सगळं लिहायची. तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न झालं आणि ती वाशीमकडं गेली. आता लिहायचं कोणी? मी म्हणाले, मी लिहिते, तोवर तुम्ही कुणाला तरी तयार करा. तो "तोवर" चौदा महिने चालला. मी जायची, इतिवृत्त लिहायची, बचत-कर्जाची खतावणी भरायची, पासबुकावर आकडे टाकायची, बायांचे अंगठे घ्यायची. अर्ध्या तासात बैठक संपायची. सगळ्या खूश, मी पण खूश. माझ्या अहवालात तो गट कायम 'अ' श्रेणीत.

मग मला दुसरा प्रभाग मिळाला. पाच महिन्यांनी सहज त्या गावी गेले तर गट बंद पडलेला. वहीत मी शेवटचं लिहिलेल्या तारखेनंतर एक ओळ नाही. एकजण म्हणते मी दीड हजार फेडले, कॅशियर म्हणते हजारच दिले. लिहिलेलं काही नाही, मग खरं कुणाचं? दोघी शेजारी-शेजारी राहतात आणि एकमेकींच्या दारापुढून जात नाहीत. मी रडकुंडीला आले. तेव्हा गटातल्या एक आजी शांतपणे म्हणाल्या, "म्याडम, तुमी लिवत होत्या तवर आमी वहीकडं बगितलं बी नाही. कशाला बगावं? तुमी होत्या की."

"तुमी होत्या की" हे त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं. मला मात्र ते अजून टोचतं. मदत करायची म्हणून गेलेली बाई निघून गेल्यावर मागे काय राहतं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. याच शोधात मी काही सिस्टरांबद्दल वाचत गेले.

सिस्टर म्हटलं की आपल्याला आधी दवाखान्यातली नर्स आठवते, इंजेक्शन देणारी. मी सांगते त्या सिस्टर वेगळ्या. कॅथलिक ख्रिस्ती धर्मात काही बाया संसार न करता आयुष्यभर सेवेचं व्रत घेतात. मराठी ख्रिस्ती लोक त्यांना धर्मभगिनी म्हणतात. आपल्याकडे जैन साध्वी पाहिल्या असतील, महानुभाव पंथातल्या संन्यासिनी तर मराठवाड्याला नव्या नाहीत. त्याच जातीचं हे व्रत, फक्त यातल्या पुष्कळ जणी मठात बसून न राहता शाळा, दवाखाने, वसतिगृहं चालवतात.

व्रतं तीन. दारिद्र्याचं, म्हणजे स्वतःच्या नावावर काही ठेवायचं नाही. सिस्टर शाळेत पगारावर शिकवत असली तरी तो पगार तिचा नसतो, संघाच्या सामायिक पेटीत जातो आणि तिला लागेल तेवढं तिथून मिळतं. दुसरं ब्रह्मचर्याचं. तिसरं आज्ञापालनाचं, आणि आपल्या विषयासाठी हेच महत्त्वाचं. वरून सांगितलं की अमुक गावी जा, तर जायचं. दहा वर्षं जमवलेली शाळा, ओळखीचं गाव, जीव लावलेल्या मुली, सगळं सोडून एक पिशवी घेऊन निघायचं.

हे व्रत एका दिवसात मिळत नाही बरं का. मुलगी आधी राहून बघते, मग किमान एक वर्ष नवशिकी म्हणून काढते, मग किमान तीन वर्षं तात्पुरती व्रतं, आणि त्यानंतर कायमची. मधल्या काळात तिला जमलं नाही तर ती परत घरी जाऊ शकते. आपल्यात लग्न ठरवताना पोरीला इतका विचार करायला वेळ मिळाला असता तर, असं मला वाचताना वाटलं. असो.

मदर तेरेसा तुम्हाला माहीत आहेत. पण त्या आधी जवळपास वीस वर्षं शाळेतल्या शिक्षिका होत्या हे पुष्कळांना माहीत नसतं. कोलकात्याला लोरेटो संघाच्या सिस्टर म्हणून त्या मुलींना शिकवायच्या. १९४८ साली ती शाळा सोडून वस्तीत गेल्या, तेव्हा सुरुवात काय केली? मोतीझील नावाच्या झोपडपट्टीत पोरं गोळा केली आणि काठीनं जमिनीवर अक्षरं काढली. फळा नव्हता, खडू नव्हता.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. पुणे जिल्ह्यात वढू बुद्रुक नावाचं गाव आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे तुम्ही नाव ऐकलं असेल. त्या गावात १९९७ साली 'माहेर' नावाची संस्था सुरू झाली. सुरू करणाऱ्या सिस्टर लुसी कुरियन मूळच्या केरळच्या कन्नूर जिल्ह्यातल्या. मल्याळी घरातल्या या बाईंनी संस्थेला नाव दिलं माहेर. नाव वाचल्याबरोबर कुठल्याही मराठी बाईला कळतं की इथं कशासाठी यायचं.

त्यामागची गोष्ट वाचायला सोपी नाही. १९९१ साली सिस्टर लुसी पुण्यात एका बायांच्या संस्थेत काम करत होत्या. एक बाई आली, सात महिन्यांची पोटुशी. म्हणाली, नवरा मला मारून टाकील, त्याला दुसरी आणायची आहे, मला आजची रात्र राहू द्या. सिस्टरांच्या हातात तेव्हा काही नव्हतं. ठेवून घ्यायचं तर वरिष्ठांची परवानगी लागणार. त्या म्हणाल्या, उद्या ये, काहीतरी करू. त्याच रात्री आरडाओरडा झाला. त्या धावत गेल्या तर तीच बाई पेटलेली. त्यांनी तिच्यावर पांघरूण टाकलं, दवाखान्यात नेलं. ती वाचली नाही, पोटातलं लेकरूही वाचलं नाही.

"उद्या ये." हे दोन शब्द आपण गटात कितीदा बोलतो? पुढच्या बैठकीत बघू, अध्यक्ष आल्यावर बघू. कधी कधी बाईजवळ उद्या नसतो. (गटातल्या कुणाला घरात जिवाची भीती असेल तर बैठकीची वाट बघू नका. महिला हेल्पलाइन १८१ आणि पोलिसांचा ११२ हे दोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मी हे प्रत्येक गटात सांगते, तरी निम्म्या वह्यांत ते नसतात.)

सिस्टर लुसींना ती रात्र सोडेना. जागा, पैसा, माणसं जमायला सहा वर्षं गेली. मग वढूला एक घर उभं राहिलं, जिथं दार ठोठावणारीला कुणी "उद्या ये" म्हणणार नाही. आज माहेरची घरं महाराष्ट्रात आणि राज्याबाहेरही आहेत. तिथं मारहाणीतून सुटलेल्या बाया आहेत, रस्त्यावर सापडलेली लेकरं आहेत, डोक्यानं आजारी म्हणून घरच्यांनी सोडलेल्या बाया आहेत, म्हातारी माणसं आहेत. जात-धर्म विचारून कुणाला घेत नाहीत. एकाच घरात दिवाळी, ईद, नाताळ सगळं होतं. ख्रिस्ती सिस्टर म्हटल्यावर काही जणींच्या मनात येणारा प्रश्न मला माहीत आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिलं. २०१६ साली सिस्टर लुसींना राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कार मिळाला.

पण मला पुरस्कारापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. माहेरच्या घरांत मुलांना सांभाळायला घरमाता असतात. स्वयंपाक, अभ्यास, आजारपण, रागावणं, लाड, सगळं त्याच बघतात. या घरमातांतल्या कितीतरी जणी स्वतः एकेकाळी रडत, मार खाऊन, लेकरू कडेवर घेऊन माहेरच्या दारात आलेल्या. आधी त्यांना कुणीतरी जेवू घातलं, झोपू दिलं, ऐकून घेतलं. मग शिवण, स्वयंपाक, लिहिणं-वाचणं असं काही हाताला लागलं. मग त्याच दुसऱ्या बाईचं ऐकून घ्यायला बसल्या. मार खाल्लेल्या बाईशी कसं बोलायचं, हे माझ्यासारख्या कॉलेजातून शिकून आलेल्या पोरीपेक्षा त्यांना जास्त कळतं. आम्हाला समुपदेशनाचा एक अख्खा पेपर होता. मी त्यात पास आहे. पण समोरची बाई रडायला लागली की माझे हात अजून थंड पडतात.

माहेरचं काम घरांपुरतं थांबलं नाही. आजूबाजूच्या गावांत बायांचे बचत गटही उभे केले. घर सोडून पळावं लागण्याची वेळच येऊ नये म्हणून. बाईच्या हातात चार पैसे आणि पाठीशी दहा बाया असल्या की घरातला आवाजही जरा खाली येतो, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

दुसऱ्या सिस्टर कोलकात्याच्या. माझा मुद्दा सगळ्यात नीट त्यांच्या शाळेत कळतो, म्हणून तिथपर्यंत नेते. सिस्टर सिरिल मूनी. जन्म १९३६चा, आयर्लंड देशातला. विसाव्या वर्षी, १९५६ साली, त्या लोरेटो सिस्टर म्हणून भारतात आल्या आणि आयुष्य इथंच काढलं. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२३ साली त्या वारल्या. सत्तरीच्या घरातलं बोलते मी, सत्तरीच्या घरातली वर्षं त्यांनी भारतात काढली असं नाही तर जवळजवळ तेवढी, सदुसष्ट वर्षं.

१९७९ साली त्या सियालदहच्या लोरेटो शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. सियालदह म्हणजे कोलकात्याचं मोठं रेल्वे स्टेशन. शाळा चांगल्या घरच्या, फी भरणाऱ्या मुलींची, आणि शाळेच्या भिंतीबाहेर फुटपाथवर राहणारी कुटुंबं. आत गणवेश, बाहेर त्याच वयाच्या पोरी कागद वेचताहेत. ही गोष्ट रोज बघून सवय होते. त्यांना ती सवय झाली नाही.

पहिलं त्यांनी केलं ते हे की गरीब घरच्या मुलींना बिनफीचा प्रवेश वाढवत नेला. पुढे अशी वेळ आली की शाळेतल्या सुमारे १,४०० मुलींपैकी जवळपास निम्म्या फी न भरणाऱ्या होत्या. एकाच वर्गात, एकाच बाकावर. कोण फी भरतं आणि कोण नाही, हे बघून ओळखू येऊ नये.

तरी फुटपाथवरची पोरं राहिलीच. त्यांना सकाळी दहाला शाळेत या म्हणून कसं चालेल? कुणी धाकट्या भावंडाला सांभाळतं, कुणी पाणी भरतं, कुणी भीक मागतं. मग १९८५ साली शाळेच्या गच्चीवर एक वेगळी शाळा सुरू झाली. तिला नाव दिलं रेनबो, म्हणजे इंद्रधनुष्य. पोरानं जमेल तेव्हा यायचं, जमेल तेवढा वेळ बसायचं. हजेरीची सक्ती नाही. चार दिवस आलं नाही तरी पाचव्या दिवशी दार उघडं.

आता तायांनो, मुख्य गोष्ट. या पोरांना शिकवायचं कोणी? एवढे शिक्षक आणायचे कुठून, पगार कुठून? सिस्टरांनी शिकवायला बसवल्या शाळेतल्याच मुली. पाचवी ते दहावीच्या. आपल्याकडे कार्यानुभवाचा तास असतो ना, ज्यात आपण खडूचे डबे आणि कागदाची फुलं केली, त्या तासाला या मुली गच्चीवर जायच्या. एका मुलीसमोर एक पोर. तीस-चाळीस पोरांचा वर्ग नाही, एकीला एकच. ते पोर जिथं अडलंय तिथूनच सुरुवात. एकाला अक्षर येत नाही, दुसऱ्याला बेरीज येते पण हातचा कळत नाही, तर ज्याचं त्याचं वेगळं. ज्याची तयारी होईल त्याला मग नेहमीच्या शाळेत घालायचं. पुढे पुढे ज्या मुलींना रात्री फुटपाथवर धोका होता त्या शाळेतच राहायला लागल्या.

हे इतकं साधं आहे की वाचताना मला वाटलं, यात काय विशेष? मग विचार केला. सहावीतली मुलगी नुकतीच हातच्याची बेरीज शिकलेली असते. ती कुठं चुकते, कुठं गोंधळते, हे तिला ताजं आठवतं. मोठ्या बाईंना ते आठवत नाही. त्यामुळे ती समोरच्या पोराला त्याच्या भाषेत सांगते. आणि दुसरं, शिकवता शिकवता तिचंही पक्कं होतं. तिसरं, आणि हे पैशानं मिळत नाही, फुटपाथवरची पोर ही तिच्यासाठी "ती लोकं" राहत नाही. तिचं नाव माहीत होतं, ती आज का आली नाही याची काळजी लागते.

याच शाळेच्या मुली आठवड्यातून एक दिवस बसनं खेड्यातल्या शाळांतही शिकवायला जायच्या. आणि जरा शिकलेल्या तरुण पोरापोरींना वस्तीत, वीटभट्टीवर, खेड्यात शिकवता यावं म्हणून सिस्टरांनी वेगळं प्रशिक्षण सुरू केलं. त्यांना त्या अनवाणी शिक्षक म्हणायच्या. आपल्या सीआरपी ताई, कृषी सखी, पशु सखी आठवल्या का? त्याच वाटेवरचं आहे. गावातलीच बाई, गावातल्याच बाईला शिकवते.

सिस्टर सिरिल सगळ्या मुलींना स्वतः शिकवू शकल्या असत्या का? नाही. त्यांनी शिकवणाऱ्या तयार केल्या. सिस्टरांच्या जगात बदली कधीही येऊ शकते, म्हणून शहाणी सिस्टर पहिल्या दिवसापासून स्वतःच्या जाण्याची तयारी करते, असं माझं वाचून झालेलं मत. मी मात्र चौदा महिने स्वतःची गरज वाढवत बसले.

इथं कुणी म्हणेल, त्यांना लेकरंबाळं नाहीत, शेत नाही, सासू नाही, त्यांना जमतं. बरोबर आहे. सोयाबीन काढणीला आलं की तुमची बैठक रात्री नऊला होते, हळद शिजायला लागली की होतच नाही. पण शिक्षिकेचं व्रत संन्यास घेऊनच पाळता येतं असंही नाही. अनुताई वाघांचंच बघा. १९१०चा जन्म, तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत विधवा. त्या शिक्षिका झाल्या, १९४५ साली ताराबाई मोडकांच्या हाताखाली बोर्डीला गेल्या, मग कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी उभं आयुष्य काढलं. पोरं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत? तर शाळाच कुरणात न्यायची. पाड्यावरच्या अंगणातच बालवाडी भरवायची. आज तुमच्या गावातल्या अंगणवाडीचं नाव त्या अंगणातून आलंय. आणि अनुताई बी.ए. झाल्या तेव्हा त्यांचं वय होतं ५१. आता माझं वय झालं असं म्हणणाऱ्या सगळ्या काकूंसाठी हे मुद्दाम लिहिते.

त्या बंद पडलेल्या गटाचं पुढं काय झालं ते सांगते. दीड हजार की हजार, याचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही. दोघींनी अडीचशे-अडीचशे सोडले, असं ग्रामसंघाच्या अध्यक्षताईंनी समजावून ठरवलं. गट पुन्हा सुरू झाला, बारातल्या नऊ जणींचा. आणि या वेळी मी वही हातात घेतली नाही.

आम्ही जोड्या लावल्या. जिला थोडं वाचता येतं तिच्यासमोर एक, जिला येत नाही. इतिवृत्त वगैरे नंतर, आधी फक्त आपलं स्वतःचं पासबुक. पासबुकात तीनच गोष्टी ओळखायच्या: तारीख, आज किती भरले, आता एकूण किती. अक्षरं येत नसली तरी आकडे आपल्या बायांना पुष्कळ येतात. नोटेवरचे येतात, मोबाईलचे येतात, हळदीच्या काट्याच्या चिठ्ठीवरचे तर चांगलेच येतात, कारण तिथं फसवणूक होते. म्हणून सुरुवात काट्याच्या चिठ्ठीनंच केली. बैठकीत पहिली दहा मिनिटं जोडीनं बसायचं. पासबुकात आकडा जिचा तिनं स्वतः लिहायचा, जोडीदारीण फक्त बघणार. खोडाखोड झाली तर होऊ दे.

सगळं गोड झालं असं नाही. सासू-सून अशी एक जोडी लावली होती, माझीच हुशारी. सुनेनं सासूला चूक दाखवायची कशी? ती गप्प बसायची आणि सासूचं काही पुढं जाईना. दोन जावांची जोडी तिसऱ्या आठवड्यात मोडली, कारण वेगळंच होतं, बांधाचं. मग शेजारणींच्या, मैत्रिणींच्या जोड्या लावल्या, त्या टिकल्या. बैठक अर्ध्या तासाऐवजी सव्वा तास चालायला लागली आणि दोघी-तिघी कुरकुरल्या. "म्याडम, तुमीच लिवा ना, सैपाक राहिलाय." मला पेन घ्यायचा फार मोह झाला होता. दोनदा घेतलाही, खोटं कशाला बोलू.

दसऱ्यानंतर चार जणी ऊसतोडीला गेल्या. पाच महिने जोड्या तुटल्या. परत आल्यावर त्यांनी सगळं विसरलं असेल असं मला वाटलं. दोघी खरंच विसरल्या होत्या. एक मात्र कारखान्यावर गाडीचं वजन स्वतः वाचून कागदावर लिहून ठेवत होती. तो चुरगळलेला कागद तिनं बैठकीत दाखवला. तारखा उलट्यासुलट्या, पण टनाचे आकडे ओळीनं. ज्या आजी म्हणाल्या होत्या "तुमी होत्या की", त्यांनी तो कागद हातात घेतला, लांब धरला, आणि पहिला आकडा मोठ्यानं वाचला. दुसरा चुकला. जोडीदारणीनं सांगितला.

तर या वर्षी आपल्या प्रभागातल्या प्रत्येक गटात अशा जोड्या लावायचं ठरलं आहे. दशसूत्रीत शिक्षण आहेच, त्याखाली ही नोंद घ्या. जोडी लावताना सासू-सून, जावा-जावा टाळा. जिला येतं तिची संख्या कमी असेल तर एकीकडे दोघी चालतील, त्यापेक्षा जास्त नको. शिकवणारी म्हणून सीआरपी ताईला धरू नका, तिला दहा गट आहेत. गटातलीच हवी. घरात सातवी-आठवीतली मुलगी असेल तर तिलाही आईची जोडीदारीण करा, फक्त तिला आईवर हसायची परवानगी नाही.

जोड्यांची यादी पुढच्या मासिक सभेच्या आधी तुमच्या ग्रामसंघाच्या लेखापालांकडे द्या. ज्या ताया ऊसतोडीला जाणार आहेत त्यांची जोडी दसऱ्याच्या आत सुरू झाली पाहिजे, आणि शक्यतो एकाच टोळीत जाणाऱ्या दोघींची लावा, म्हणजे तिकडंही चालू राहील. एक वही आणि एक पेन त्यांच्या पेटीत टाकून द्या. मी ऑक्टोबरमध्ये गटांना भेट देईन तेव्हा खतावणी नाही बघणार, तुमचं पासबुक तुम्हीच मला वाचून दाखवायचं.